उत्तर : ९० सेंमीला कर्ब वरच्यापेक्षा जास्त येतोय? आधी चुनखडी बघा

तुमची पोस्ट वाचली. वर्ध्याकडची काळी जमीन. कपाशीचं शेत, गवताळ पडीक आणि सागवान अशा तीन ठिकाणी मीटरभर खोल नमुने काढलेत. रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्ब (म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन) वर ०.६ टक्के आणि तळाला १.५. "खोल मुळांमुळे असेल का?" असं विचारलंय. नाही हो, मुळांची एवढी ताकद नसते.

असल्याच रिपोर्टपायी मी एका प्रयोगशाळेत भरपूर हेलपाटे घातलेत. नाव घेत नाही. त्यांचं यंत्र माती जाळून निघालेला सगळा कर्ब मोजतं, म्हणजे चुनखडीतलासुद्धा. आणि आपल्याकडे खाली जावं तसे ते पांढरट खडे वाढत जातात. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाने १२ टक्के कर्ब असतो. मातीत १० टक्के चुनखडी धरली तर १.२ तिथेच झाला. खरा सेंद्रिय ०.३ धरा, की आला तुमचा १.५! तरी रकान्याचं नाव बिनदिक्कत 'सेंद्रिय कर्ब'. विचारलं तर म्हणे, "मशीन चुकत नाही साहेब." फेरतपासणी मागितली तेव्हा कळलं की उरलेली माती फेकून दिलीय. तोवर पाऊस सुरू झालेला, खड्डे पाण्याने भरलेले. हंगाम गेला तो गेलाच. फी मात्र पूर्ण घेतली.

म्हणून प्रत्येक थराचा अर्धा नमुना सावलीत वाळवून घरी ठेवा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते.

आता तुमच्याकडे माती उरली असेल तर चिमूटभर बशीत घेऊन त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. तळाची माती जोरात फसफसली तर चुनखडी आहे समजून जा. मग कॅल्सिमीटरने चुनखडी मोजून तेवढा कर्ब वजा करायला सांगा, किंवा सरळ वॉकली-ब्लॅक (रसायनांनी सेंद्रिय कर्ब मोजायची पद्धत) करून घ्या. जुनी म्हणून लोक नाकं मुरडतात, पण तिला चुनखडीची बाधा होत नाही. काळ्या मातीसाठी मला तीच बरी वाटते. मात्र ती साधारण ७७ टक्केच कर्ब पकडते असं धरून १.३ ने गुणतात, ते सरासरीवर बेतलेलं आहे. खालच्या थराला तंतोतंत लागू पडेलच असं नाही. खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट पाण्याच्या भागात, मिठातल्या क्लोराइडमुळे आकडा फुगू शकतो, तेही विचारून घ्या.

पण म्हणून खालचा कर्ब खोटाच, असंही नाही. जगभरच्या नमुन्यांच्या एका मोठ्या संकलनात पहिल्या मीटरमधल्या कर्बापैकी वरच्या २० सेंमीत जंगलात निम्मा, गवताळ भागात ४२ टक्के आणि झुडपी भागात जेमतेम ३३ टक्के निघाला. बाकी सगळा खाली. आपल्या काळ्या मातीत तर उन्हाळ्यातल्या भेगांतून काडीकचऱ्यासकट वरची माती आत पडते आणि पावसाळ्यात भेगा मिटतात. हिशोब करून बघा: समजा वर ०.५ टक्के कर्ब, मातीची घनता १.४ (ग्रॅम प्रति घनसेंमी), खोली ३० सेंमी. हेक्टरी २१ टन. खाली ०.३ टक्के, घनता १.५, जाडी ७० सेंमी, ३१.५ टन. तरी कार्बन क्रेडिटवाले (मातीत साठवलेल्या कर्बाचे पैसे देऊ म्हणणारे) ३० सेंमीवर थांबतात आणि शेतकऱ्याला 'तुमची माती मोजली' म्हणून सांगतात. असो, तो राग वेगळा.

घनतेचे नमुने तिन्ही ठिकाणी सारख्याच ओलीला घ्या. ही माती ओली झाली की फुगते. एक खड्डा कोरडा आणि दुसरा ओला असताना केलेल्या तुलनेला अर्थ नाही. मी काही मृदाशास्त्राचा प्राध्यापक नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या संशोधनाच्या गाइडचा.

तुमचा मित्र रत्नागिरीत हेच करणार म्हणता. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत त्याला सहसा चुनखडी भेटणार नाही, खडे मात्र भेटतील. चाळणीवर उरलेले खडे मोजून वजा करायला सांगा, नाहीतर टनांचा आकडा उगाच फुगेल.