बांधावरची झाडं उपग्रहाला दिसतात का?

प्रश्न : बांधावर चाळीसेक साग आणि थोडे आंबे लावलेत. झाडांत साठलेल्या कार्बनचे पैसे मिळवून देणाऱ्या 'कार्बन प्रकल्पा'चा माणूस म्हणतो, 'उपग्रह आणि एआय सगळं मोजतील, तुम्ही फक्त सही करा.' करू का?

इतक्यात नको. आधी त्यांना विचारा, चित्रातला एक ठिपका जमिनीवर किती मीटरचा? युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांतला सगळ्यांत बारीक ठिपकाही १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एका गुंठ्याला एकच रंग! बांधावरची एकेरी ओळ त्यात पिकाशी मिसळून जाते. शेजारी ऊस उभा असेल तर विचारूच नका. झाड सुटं दिसायला मीटरपेक्षा बारीक चित्रं लागतात आणि ती सहसा विकत घ्यावी लागतात. कोणती चित्रं वापरणार आणि शेतावर येऊन किती वेळा मोजणार, हे करारात लिहून घ्या, मगच सही.

प्रश्न : उपग्रह कार्बन मोजतो म्हणजे नेमकं काय करतो?

कार्बन त्याला दिसतच नाही. त्याला दिसतो पानांवरून परतलेला प्रकाश, रडारचा प्रतिध्वनी किंवा लेझरने काढलेली झाडाची उंची. वजनाचा हिशेब जमिनीवरच सुरू होतो : छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरला, खोडाला टेप गुंडाळायचा, घेरावरून सूत्राने सुकं वजन काढायचं. सुकं वजन १०० किलो भरलं, तर त्यात कार्बन साधारण ४७ किलो, म्हणजे हवेतला सुमारे १७२ किलो कार्बन डायऑक्साइड. एआय हे टेपचे आकडे आणि चित्रं यांची सांगड शिकतं आणि न मोजलेल्या रानावर पसरवतं. टेप मोजक्याच जागी लावला असेल, तर चूकही तितक्याच ऐटीत पसरते.

प्रश्न : आमच्या सागाच्या रानात मार्चमध्ये 'वृक्षतोड'चा इशारा आला. धावत गेलो, तर एकही झाड तुटलेलं नव्हतं!

ही पानगळ. नकाशावर इशारा म्हणून उमटलेला असा एक लाल ठिपका शोधत मीही गेलो आहे. पायाखाली वाळक्या पानांचा चुरा, डोक्यावर उघड्या फांद्या आणि खोडं जिथल्या तिथे. बारमाही हिरव्या जंगलावर शिकलेल्या एआयला हिरवा रंग गेला म्हणजे झाड गेलं असंच वाटणार. म्हणून मार्चची तुलना ऑक्टोबरशी नव्हे, मागच्या मार्चशी करायची. पावसाळ्यात उलट अडचण : चार महिने ढग, साधं चित्र पांढरंफेक. तिथे रडार कामी येतं. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्या 'एल-बँड' रडारच्या लहरी सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या. त्या ढग भेदतात आणि पानांतून फांद्या-खोडांपर्यंत पोचतात. तीच जागा दर १२ दिवसांनी पुन्हा टिपली जाते. पानगळीच्या रानासाठी मला याच्याकडून सर्वांत जास्त आशा आहे. मात्र 'तोड नाही' असं कळवताना तुमचा जागेवरचा फोटो आणि तारीख जरूर पाठवा. पुढच्या वर्षी एआयला तेच शिकवायचं आहे.

प्रश्न : आधीच उभ्या असलेल्या जंगलाला 'नवी लागवड' म्हणून दाखवलं तर?

पकडता येतं. अमेरिकेची लँडसॅट ही उपग्रहांची मालिका १९७२पासून चित्रं काढतेय आणि २००८पासून तो साठा सर्वांना फुकट खुला आहे. प्रकल्पाच्या आधीची दहा वर्षं काढून बघा. सोबत हद्दीबाहेरचंही पाहा, कारण इथली तोड थांबून शेजारच्या डोंगरावर गेली असेल, तर तीही त्याच चित्रांत सापडेल.