बाळूचा पाय काढायचा की नाही?

ताई, नमस्कार.

मी येळ्ळूरची, मराठी शाळेत शिकवते. नवरा गोव्यात कामाला असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. मुलगा पुण्यात. घरात मी, सासूबाई आणि बाळू. बाळू जर्मन शेफर्ड आहे. तीन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या क्रशरवर साखळीला बांधलेला सापडला. साखळी मानेत रुतलेली, अंगावर नुसती हाडं. आता अडतीस किलोचा आहे. बाळू हे नाव सासूबाईंनीच ठेवलं.

दिवाळीपासून तो पुढच्या उजव्या पायानं लंगडतोय. मुरगळला असेल म्हणून आम्ही तेल चोळत राहिलो. मग मनगटाच्या वर टणक सूज आली. बेळगावात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाडाचा कॅन्सर दिसतोय, पाय खांद्यापासून काढावा लागेल. सासूबाई म्हणतात, "मुक्या जनावराचा पाय तोडून कुठं फेडशील हे पाप? त्यापेक्षा सुखानं जाऊ दे त्याला." साखरेमुळं मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, पाय कापावा लागला होता, त्यानंतर ते अंथरुणातून उठलेच नाहीत. नवरा म्हणतो, चार महिन्यांसाठी एवढा खर्च कशाला? शेजारीपाजारी हसतात. एवढं मोठं धूड तीन पायांवर उभं तरी राहील का? मी माझ्या हट्टापायी त्याचे हाल करतेय का? हल्ली रात्री कण्हतो.

– बाळूची आई, येळ्ळूर

नमस्कार बाळूची आई,

शेवटचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला आधी त्याबद्दलच बोलायचंय. कुत्रं दुखणं लपवतं. लंगडत का होईना दारापर्यंत येतं, शेपूट हलवतं, भाकरी खातं. ते रात्री कण्हायला लागलं म्हणजे दुखणं सोसण्यापलीकडं गेलंय. हा कॅन्सर हाड आतून पोखरतो आणि वरचं आवरण ताणतो, त्याच्या कळा फार वाईट असतात. तेव्हा तेल चोळणं आजपासून बंद करा. पोखरलेलं हाड साध्या उडीनंही मोडतं, म्हणून कट्ट्यावरून उडी मारणं, जिना चढणं हेही बंद. पाय काढायचा की नाही हे ठरेपर्यंत वेदनेच्या औषधासाठी थांबू नका, उद्याच डॉक्टरांकडून मागून घ्या. मेलॉक्सिकॅम, गॅबापेंटिन ही औषधं कुत्र्यांना देतात, वजन आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर मात्रा ठरवतात. घरातल्या माणसांच्या गुडघेदुखीच्या गोळ्या मात्र चुकूनही देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन रक्त जातं, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजानं द्यायचं नाही.

आता सासूबाईंचं. त्यांना कठोर समजू नका. बाळूला नाव देणारी बाई त्याचं वाईट कसं चिंतेल? डॉक्टरांनी "पाय काढावा लागेल" म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं मामा आले असणार. ते अंथरूण, ती ड्रेसिंगं, दिवसेंदिवस खचत गेलेला माणूस. हे सगळं त्यांनी केलंय, तेही बहुधा एकटीनं. त्यांना "आत्या, कुत्र्याचं वेगळं असतं" असं एका दमात सांगून पटणार नाही. आधी मामांबद्दल विचारा. तेव्हा काय काय झालं, ते रात्री झोपायचे का, तुम्हाला कोण मदतीला होतं, हे त्यांना बोलू द्या. एखादी संध्याकाळ त्यातच जाईल, जाऊ द्या.

मग फरक सांगा, कारण फरक खरंच मोठा आहे. साखरेमुळं पाय जातो तेव्हा दुखणं नुसत्या पायाचं नसतं. रक्तवाहिन्या सगळ्या अंगातल्या खराब झालेल्या असतात, हृदय आणि मूत्रपिंडंही थकलेली असतात. त्यात माणूस दोन पायांचा, एक गेला की अर्धा आधार गेला. बाळूला तीन पाय उरतात, आणि खरं सांगायचं तर दिवाळीपासून तो तीन पायांवरच चालतोय. चौथा त्याला कळांशिवाय काही देत नाही. ऑपरेशननंतर बहुतेक कुत्री दुसऱ्या दिवशी आधारानं उभी राहतात, दोन-चार दिवसांत आपली आपण चालायला लागतात. पाय गेला म्हणून लाजणं, लोकांपुढं न जाणं हे त्यांच्या स्वभावातच नाही. यात मला पाप दिसत नाही. दुखता पाय तसाच ठेवून त्याला रोज कण्हत ठेवणं मला जास्त टोचेल.

तुमच्या नवऱ्याचा आकडा मात्र खोटा नाही, आणि मी तो गोड करून सांगणार नाही. हाडाच्या या कॅन्सरमध्ये, ज्याला ऑस्टिओसार्कोमा म्हणतात, नुसता पाय काढला तर साधारण 4 ते 5 महिने मिळतात. निम्म्या कुत्र्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. पुढं किमोथेरपी दिली तर 10 ते 12 महिने, आणि पाचातलं एखादं कुत्रं दोन वर्षांपर्यंतही जातं. छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसला तरी बहुतेकांच्या फुप्फुसात डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी आधीच पोचलेल्या असतात, म्हणून हे असं आहे. तेव्हा कॅन्सर बरा करायला पाय काढतोय असं मनात धरू नका. पाय काढायचा तो कळा थांबाव्यात म्हणून. नवऱ्याशी बोलताना प्रश्न असा ठेवा: उरलेले महिने बाळूनं कण्हत काढायचे की परड्यात ऊन खात? मग खर्च पेलतो का ते दोघांनी मिळून बघा. नाही पेलला, कर्ज काढावं लागणार असेल, तर नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही, आणि औषधांनी कळा कमी करत त्याला सांभाळण्याचा रस्ता तेव्हाही असतोच.

ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी काही गोष्टी डॉक्टरांकडून पक्क्या करून घ्या. सगळ्यात आधी छातीचा एक्स-रे, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेला. फुप्फुसात गाठी दिसल्या तर माझा सल्ला बदलतो. मग पाय काढू नका. वेदनेची औषधं द्या, आणि ती पुरेनाशी झाली की डॉक्टरांच्या इंजेक्शननं त्याला शांतपणे जाऊ द्या. अशा वेळी सासूबाईंचं म्हणणं बरोबर ठरेल आणि तुम्ही ते मोकळ्या मनानं मान्य करा. दुसरं, सुजेतून सुईनं नमुना घेऊन तपासता येईल का ते विचारा, कारण हाडातला जंतुसंसर्ग एक्स-रेत कधी कधी असाच दिसतो.

तिसरी गोष्ट मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत फार महत्त्वाची, आणि तुमचा "धूड" हा शब्द बरोबर तिथंच लागू पडतो. कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. त्यातला एक गेला की दुसऱ्यावर आणि मागच्या पायांवर भार वाढतो. जर्मन शेफर्डचे कमरेचे सांधे जातीनंच कच्चे असू शकतात. म्हणून दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढा आणि डाव्या पुढच्या पायाचं कोपर नीट तपासून घ्या. ते धड असेल तर अडतीस किलोचं कुत्रं तीन पायांवर उभं राहतं, चालतं, थोडंफार पळतंसुद्धा. मात्र वजन वाढू देऊ नका. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर भाकरी कमी करा, आणि कुंदा, पेढा, चहात बुडवलेली बिस्किटं घरातल्या सगळ्यांनी बंद करायची. सासूबाईंनीसुद्धा.

ऑपरेशन कुठं करायचं? बेळगावातल्या तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: एवढ्या मोठ्या कुत्र्याचा पुढचा पाय याआधी काढलाय का? भूल कशी देणार? रात्री त्याच्याजवळ कोण थांबणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तरं समाधानकारक वाटली नाहीत तर पुण्याच्या हायवेवर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, बेंगळुरूला हेब्बाळचं आहे. आधी फोन करून मगच निघा. किमो बहुतेक मोठ्या शहरांतच मिळते. कार्बोप्लॅटिनची इंजेक्शनं साधारण तीन आठवड्यांनी एक, अशी चार ते सहा देतात. मुलगा पुण्यात आहे, त्याला आत्तापासून चौकशीला लावा. किमो म्हटलं की आपल्याला माणसांचे हाल आठवतात, पण कुत्र्यांना मात्रा बेतानं देतात, बहुतेकांना ती बरीच सोसते.

आता घराचं, आणि इथं मी थोडी रेंगाळणार आहे. बाळूला साखळीची आठवण आहे. मानेला काही अडकवलं, कोणी वरून पकडलं की तो कसा वागतो हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. ऑपरेशननंतर त्याला उचलावं लागेल, जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घालावा लागेल. हे सगळं त्याला पहिल्यांदा दुखण्याच्या ग्लानीत भेटायला नको. छातीला बसणारा, पाठीवर मूठ असलेला पट्टा आत्ताच आणा. गळपट्टा उपयोगाचा नाही, पुढचा पाय नसलेल्या कुत्र्याला मानेनं ओढलं की तोल जातो. रोज संध्याकाळी तो पट्टा नुसता जमिनीवर ठेवा, त्याच्याजवळ भाकरीचा तुकडा. मग अंगाला लावून तुकडा. मग एक मिनिट घालून तुकडा. दुखऱ्या पायाला धक्का लागू देऊ नका. कोनाचंही असंच. आणि "आमचा बाळू चावत नाही" यावर विसंबू नका, कळ असह्य झाली की कुठलंही कुत्रं चावतं. त्याची रेबीजची लस झालीय ना बघा. उचलताना तोंडाजवळ चेहरा नेऊ नका.

सोप्यात फरशी असेल तर ती आता त्याची वैरी आहे. गोठ्यात गाईंसाठी अंथरतात त्या रबरी मॅट आणा, त्याच्या झोपायच्या जागेपासून परड्याच्या दारापर्यंत सलग पट्टा करा. सतरंजी, गोणपाट नुसतं टाकलं तर पायाखालून सरकतं. नखं कापा, आणि पंजाच्या गाद्यांमधले लांब केस कात्रीनं जपून छाटा, शेफर्ड त्याच केसांवर घसरतो. ताटली पाटावर ठेवा, म्हणजे खाली वाकताना तो तोंडावर पडणार नाही. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं, म्हणून परड्यात उतरायला दोन पायऱ्या असतील तर उतरती फळी टाकून घ्या, वर मॅटचा तुकडा ठोकून.

पहिले दोन आठवडे कठीण. पाय खांद्याच्या फऱ्यासकट काढतात, त्यामुळं जखम लांबलचक असते आणि पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं. सासूबाईंना तयारीनिशी दाखवा. जखमेभोवती काळंनिळं होतं, ते छातीखाली उतरतं, थोडं पाणी साठून मऊ फुगतं. यानं घाबरू नका, पण फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. पू, दुर्गंधी, ताप, उघडलेले टाके दिसले तर थांबू नका. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात, तोवर त्याला जखम चाटू द्यायची नाही. जखमेवर माशा बसू नयेत म्हणून नवऱ्याचा जुना सुती बनियन त्याला घाला. पहिले तीन-चार दिवस संडास झाली नाही तरी चालतं, वेदनेच्या औषधांनी तसं होतं. काही कुत्री पहिल्या रात्री एकदम किंचाळून उठतात, नसलेल्या पायाच्या जागी कळ आल्यासारखी. ते डॉक्टरांना लगेच सांगा, त्यावर औषध असतं. त्याला बांधून मात्र ठेवू नका. सोप्याचा कोपरा खाट आडवी लावून अडवा, तेवढं पुरे.

आणि उचलणार कोण? अडतीस किलो तुम्हाला एकटीला झेपणार नाही, सासूबाईंनी तर हातच लावायचा नाही. नवऱ्याला सांगा, पैशाचं आपण बघू, पण ऑपरेशनच्या दिवसापासून आठवडाभर तू घरी हवास. ही रजा ठरल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. हसणाऱ्या शेजाऱ्यांतला एखादा तरणाताठा मुलगाही बघून ठेवा. हसतात ती माणसं मदतीलाही येतात, विचारावं लागतं.

तुम्ही विचारलंत, हा माझा हट्ट आहे का. तीन महिने तेल चोळलंत, एक्स-रे काढलात, पाप लागेल का म्हणून झोप घालवलीत. हट्टी माणूस एवढा विचार करत नाही. छाती स्वच्छ निघाली, सांधे धड निघाले, नवऱ्याची रजा मिळाली, तर माझं मत सरळ आहे: पाय काढा. यातलं एक जरी जुळलं नाही तर मला पुन्हा लिहा, आपण वेगळा रस्ता बघू. छातीचा एक्स-रे मात्र याच आठवड्यात काढून घ्या, आणि दवाखान्यात नेताना गाडीच्या मागच्या सीटवर गादी टाकून त्याला डाव्या कुशीवर निजवा, म्हणजे दुखरा पाय वर राहील.