पकडलेल्या युद्धनौकेचं पुढे काय व्हायचं? ‘रेनोमे’ची ‘जावा’ झाली त्याची हकिगत

शत्रूची शिडाची युद्धनौका हाती लागली की बुडवायचे की वापरायचे, आणि तिचे पैसे कुणाला मिळायचे, असं तुम्ही विचारलंय. जमत असेल तर वापरायचेच. नवं जहाज बांधायला वेळ, पैसा आणि उत्तम लाकूड लागतं, ते सगळं आयतं मिळायचं. मिळत नसत ती ते चालवणारी माणसं. मेख तिथेच होती, आणि ‘जावा’ या फ्रिगेटच्या (मध्यम आकाराच्या, वेगवान युद्धनौकेच्या) बाबतीत ती फार महागात पडली.

हिचं मूळ नाव ‘रेनोमे’, फ्रेंचांची, १८०८ साली पाण्यात उतरलेली. मे १८११ मध्ये मादागास्करच्या तामाताव्हजवळ ब्रिटिशांशी गाठ पडली. फ्रेंच तुकडीचा प्रमुख, कमोडोर रोकबेर याने शत्रूला अंगावर घेतलं म्हणून सोबतची ‘क्लोरिंद’ निसटू शकली. तो मारला गेला आणि ‘रेनोमे’ शरण आली. त्याच वर्षी ब्रिटिशांनी जिंकलेल्या जावा बेटाचं नाव तिला मिळालं.

नोव्हेंबर १८१२ मध्ये कॅप्टन हेन्री लँबर्ट तिला घेऊन पोर्ट्समथहून निघाला, मुंबईला. जहाजात मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’साठी तांब्याचे पत्रे होते आणि प्रवासी म्हणून जनरल थॉमस हिस्लॉप होता. हो, १८१७ साली महिदपूरला होळकरांविरुद्ध लढला तोच! खलाशी मात्र बरेचसे कच्चे. २८ डिसेंबरला त्यांनी पहिल्यांदा तोफा डागून पाहिल्या, त्याही नुसती दारू भरून. दुसऱ्याच दिवशी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ समोर अमेरिकेची फ्रिगेट ‘कॉन्स्टिट्यूशन’ आली. तेव्हा ब्रिटन आणि अमेरिकेचं युद्ध चालू होतं. ‘जावा’च्या मुख्य तोफा १८ पौंडी, म्हणजे तेवढ्या वजनाचे गोळे फेकणाऱ्या, ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या २४ पौंडी.

तरी ‘जावा’ सुरुवातीला भारी पडत होती. ती वेगाने वळायची, आणि एका माऱ्यात तिने ‘कॉन्स्टिट्यूशन’चं सुकाणूचं चाकच उडवलं. पुढे मात्र एकेक डोलकाठी कोसळू लागली. तुटलेल्या काठ्या, दोरखंड आणि शिडं लढत्या बाजूच्या तोफांवर येऊन पडली. मग तोफ डागली की त्याच ढिगाऱ्याला आग लागायची. लँबर्टला बंदुकीची गोळी लागली (काही दिवसांनी तो गेला) आणि लेफ्टनंट चॅड्स लढत राहिला. शेवटी एकही काठी उभी नसताना ‘कॉन्स्टिट्यूशन’ पुढ्यात येऊन मारा करण्याच्या बेतात होती, तेव्हा त्याने निशाण उतरवलं. मला विचाराल तर इथे दोष चॅड्सचा नाही. अशा माणसांना इतक्या लांबच्या सफरीवर धाडणाऱ्यांचा आहे.

अमेरिकन कॅप्टन बेनब्रिज स्वतः दोनदा जखमी झाला होता. काठ्या नसलेलं, चाळण झालेलं जहाज मायदेशी ओढून नेणं शक्यच नव्हतं. ‘जावा’चं चाक काढून त्याने आपल्या जहाजाला बसवलं, कैदी उतरवून घेतले आणि तिला आग लावली. तांबंही तिच्याबरोबर गेलं. कैद्यांना ब्राझीलमधल्या साल्व्हादोरला, पुन्हा न लढण्याच्या बोलीवर सोडलं.

आता पैशांचं. ब्रिटिशांकडे पकडलेल्या जहाजाचा न्यायालयात निवाडा होई. आरमाराने ते घेतलं तर त्याची किंमत कॅप्टनपासून साध्या खलाशापर्यंत हुद्द्याप्रमाणे वाटली जाई. जाळलेल्या जहाजाची किंमत कोण देणार? म्हणून अमेरिकन काँग्रेसने १८१३ मध्ये ‘जावा’बद्दल ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या लोकांना ५०,००० डॉलर मंजूर केले.