साताऱ्याकडचे वाडे टिकले, मग आमच्या समुद्रकाठच्या गावातली जुनी घरं का जाताहेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव श्रीवर्धन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आळीतल्या घरांची कौलं उडाली, त्यानंतर जुनी घरं एकेक करून पाडली गेली, आणि आता तुमचे चुलते तुमचंही घर बिल्डरला द्यायचं म्हणताहेत. सातारा-वाईकडच्या लोकांनी वाडे कसे सांभाळले, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

सांभाळलेले नाहीत. तुम्ही वाईजवळच्या मेणवलीला गेला असाल, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट पाहिला असेल, आणि आमच्याकडे सगळीकडे असंच असेल असं वाटलं असेल. मी साताऱ्यात स्थापत्य अभियंता आहे. नगरपालिकेत सादर करायचे नकाशे आणि बँकांसाठी मिळकतींचं मूल्यांकन हे माझं रोजचं काम. माझ्या टेबलावर जुना वाडा येतो तो बहुतेक वेळा पाडायचं ठरल्यावरच. आमच्याकडचे वाडे कसे गेले ते सांगतो, त्यातलं बरंचसं तुमच्या घरालाही लागू पडेल.

शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज १७०८ मध्ये साताऱ्याच्या गादीवर बसले आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा वसत गेल्या. तुमच्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ मध्ये याच गादीचे पेशवे झाले, त्यामुळे आपल्या गावांची ओळख जुनीच आहे. सरदार, सावकार, कारकून, भिक्षुक, ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाडा बांधला. १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारचं राज्य खालसा केलं, दरबार संपला आणि दरबारावर चालणाऱ्या घरांचं उत्पन्नही आटलं. आज यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, मंगळवार पेठेतून फिरलात तर मधेच एखादा दिंडी दरवाजा दिसेल. आत डोकावलं तर चौकाच्या जागी पार्किंग आणि लिफ्टची खोली.

वाडे म्हातारे होऊन पडले असं गावात कुणालाही विचारलं तरी सांगतील. मला ते पटत नाही. वाड्याची बांधणी बघा. जोतं काळ्या घडीव दगडाचं. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत. भिंती खाली दगडाच्या किंवा विटांच्या, वर बऱ्याचदा पांढऱ्या मातीच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या. पण वजन बरंचसं लाकडाच्या सांगाड्यावर असतं, भिंत मधली जागा भरते. अख्खी भिंत ढासळून गल्लीत आली आणि वरचा मजला जागेवर उभा, असं मी पाहिलंय.

या बांधणीला मारतं ते पाणी, आणि ते ठरलेल्या वाटेनं येतं. चौकाभोवतीची छपरं कोपऱ्यात जिथे मिळतात, तिथली पन्हळ फुटते किंवा पालापाचोळ्यानं तुंबते. पाणी भिंतीत उतरतं. भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक भिजतं, कुजतं, मागोमाग वाळवी. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, टोकाशी खिळा टोचला की भुसा गळतो. हे व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात. टाळायला मात्र दर मे महिन्यात कौलं चाळणारा एक माणूस, थोडी नवी कौलं आणि पन्हळ साफ करणं एवढंच लागतं. आता कौलं चाळणारे मिळत नाहीत हेही खरं. ज्यांना ते काम येतं त्यांची मुलं पुण्याला किंवा एमआयडीसीत. मग मालक पत्रा टाकतो, आणि मातीच्या भिंतीला ओल आली म्हणून सिमेंटचं प्लॅस्टर करतो. सिमेंटमुळे आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि भिंत आतल्या आत मऊ पडते. पैसे खर्चून वाडा लवकर पाडायचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

आता मे महिन्यातला तो साधा खर्च कुणी करायचा, इथे खरी गोष्ट सुरू होते. मिळकत पत्रिका, म्हणजे मालकांची नावं असलेला सरकारी उतारा, काढली की त्यावर मूळ पुरुषाचे नातू, पणतू, त्यांच्या बायका, मुली, एखादा दत्तक, अशी नावांची रांग. निम्मे पुण्या-मुंबईला, एक-दोघे परदेशात, तिघे वारलेले आणि त्यांची वारसनोंद राहिलेली. कौलांच्या खर्चाला एकानं हात घातला तर बाकीचे म्हणतात, उद्या हा वाड्यावर हक्क सांगेल. वाड्यात राहणारा भाऊ म्हणतो, मीच का करू? बाहेर राहणारा म्हणतो, राहतो तो करेल. विकायचं म्हटलं की मात्र महिन्याभरात सगळ्यांच्या सह्या होतात. भावकीत एवढी एकी मी दुसऱ्या कुठल्याही कामात पाहिलेली नाही.

त्यात भाडेकरू. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं होतं. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. २० रुपये भाड्याचे ४ टक्के म्हणजे ८० पैसे. त्या उत्पन्नात मालकानं दुरुस्ती करावी अशी कायद्याची अपेक्षा. भाडेकरूला शिव्या घालण्यात अर्थ नाही. तीन पिढ्या तिथे काढलेल्या माणसाला दुसरीकडे त्या पैशांत देवघराएवढी जागाही मिळणार नाही. पण मालकाच्या डोक्यात मग एकच हिशेब राहतो: भाडेकरू जायचा असेल तर वाडा पडला पाहिजे.

आणि वाडा पडावा याची सोय कायद्यात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर नगरपालिका धोकादायक इमारतींना नोटिसा काढते, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ खाली. नोटिशीचा हेतू चांगला आहे, भिंत पडून माणूस मरू नये. पण नोटीस आली की काही मालक मनातून खूश होतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोपऱ्यातली पन्हळ मुद्दाम दुरुस्त करायची नाही, चार पावसाळे थांबायचं, मग नोटीस, मग संरचनात्मक तपासणी. तपासणी करणाऱ्याकडे काँक्रीटवर ठोकून ताकद मोजायचा हातोडा असतो. मातीच्या भिंतीला आणि दोनशे वर्षांच्या सागाला तो काय सांगणार? अहवालात ‘राहण्यास अयोग्य’ येतं. कोपऱ्यातल्या दोन तुळया बदलून, खांबाला सांधा देऊन वाडा उभा राहिला असता, हे लिहायला त्या नमुन्यात जागाच नसते.

बँकेचंही तेच. मूल्यांकनाच्या अर्जात बांधकामाचा प्रकार, वय आणि उर्वरित आयुष्य असे रकाने असतात. माती-लाकडाच्या वाड्यापुढे उर्वरित आयुष्य शून्य धरलं जातं आणि किंमत फक्त जागेची निघते. इमारतीला किंमत नाही म्हणून दुरुस्तीला कर्ज नाही, विमा नाही. बिल्डरला मात्र त्याच जागेवर सगळं मिळतं. जुन्या पेठेत रस्त्याच्या रुंदीप्रमाणे चटईक्षेत्र, म्हणजे सगळे मजले मिळून किती बांधता येईल ते, ठरतं, आणि दुमजली वाडा त्यातलं निम्मंशिम्मंच वापरत असतो. चौक म्हणजे तर कागदावर निव्वळ वाया गेलेली जागा. शेवटी लाकूडवाला येतो. सागाचे खांब, कडीपाट, नक्षीचा दरवाजा उतरवून नेण्याच्या बोलीवर तो पाडकामाचा खर्च सोसतो, वर मालकाला पैसे देतो. म्हणजे ज्या वाड्याच्या बांधकामाला बँकेनं शून्य लिहिलं, त्याचं लाकूड विकायला गिऱ्हाईक तयार.

तुमच्याकडे वादळ, तसं सांगलीकडे महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. मातीची भिंत पावसाचा मारा सोसते, पाण्यात दिवसेंदिवस उभी राहू शकत नाही. पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात तेव्हा रकाने दोनच: पक्कं घर, कच्चं घर. मातीची भिंत दिसली की कच्चं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००. राज्य सरकार कधी वरून भर घालतं, पण वर्गवारी तीच राहते. शंभर-दीडशे वर्षं उभं असलेलं घर त्या दिवशी सरकारदप्तरी कच्चं ठरतं, आणि घरातली माणसंही तसंच म्हणायला लागतात. तुमच्या आळीत वादळानंतर हेच झालं असणार असा माझा अंदाज.

मग टिकलं काय? वाईचे घाट टिकले, रास्ते सरदारांनी १७६२ मध्ये बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ टिकलं. दर पावसाळ्यात कृष्णेचं पाणी लागूनही. दगडी बांधकाम आहेच, पण त्याला वाटणी मागणारं कुणी नाही आणि रोज माणसांचा राबता आहे. मेणवलीच्या वाड्याला चित्रीकरणाचं भाडं मिळत आलं. साताऱ्याच्या राजवाड्यात राज्य गेल्यावर कोर्टकचेरी आणि शाळा भरली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव तिथल्याच शाळेत दाखल झालं, म्हणून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस पाळतात. राजवाड्याची अवस्था बघून आनंद व्हावा असं नाही, पण वापर होता तोवर छपराकडे कुणाचं तरी लक्ष होतं. किल्ल्यांचं नशीब त्याहून बरं. २०२५ मध्ये आमचा प्रतापगड आणि तुमच्या बाजूचा सुवर्णदुर्ग दोन्ही युनेस्कोच्या यादीत गेले. त्या किल्ल्यांवर ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांची घरं कुठल्याच यादीत नाहीत. राज्याच्या एकीकृत विकास नियमावलीत वारसा इमारतींची तरतूद आहे, मालकाला विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायची सोयही आहे. पण त्यासाठी गावाची वारसा यादी हवी आणि ते हक्क विकत घेणारा बाजार हवा. छोट्या गावात दोन्हीची बोंब.

आता तुमच्या घराचं. चुलत्यांशी इतिहासावर बोलू नका, उपयोग होत नाही. बिल्डरनं जे कबूल केलंय ते मिळणार आहे का, हे आधी बघा. घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम, लागू होतो. मग किती मजले आणि किती चटईक्षेत्र मिळेल हे बिल्डरच्या तोंडी शब्दावर ठेवायचं नाही, नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून लेखी घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी इथेच आकडे खाली येतात. दुसरं, खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई गंजते. सळईवरचं आच्छादन पातळ ठेवलं तर सज्जे आणि जिने आधी फुटतात. किनाऱ्यावरच्या पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतींच्या खालून एकदा चुलत्यांना हिंडवून आणा. तुमच्याकडच्या जुन्या घरांचा जांभा दगड त्या हवेत पिढ्यानपिढ्या उभा आहे.

ते होईपर्यंत या पावसाळ्याआधी छप्पर बंद करा. पत्रा असला तरी चालेल, तात्पुरता म्हणून. भिंतींना सिमेंट लावू देऊ नका, चुना किंवा माती. मंगलोरी कौलं परत बसवायची झाली तर वासे-रिपांना वादळपट्ट्या (कौलं दाबून धरणाऱ्या पट्ट्या) आणि तारेचे बांध द्यायला सांगा. निसर्गमध्ये कौलं उडाली त्याचं मोठं कारण ती नुसती ठेवलेली होती. घराचा मोजमापासह नकाशा करून घ्या, प्रत्येक खांबाच्या तळाचे आणि तुळईच्या टोकाचे फोटो काढा. दुरुस्तीचा खर्च वाटून घेणार असाल तर सहहिस्सेदारांमध्ये साध्या भाषेत लेखी करार करा की खर्च करणाऱ्याला त्यामुळे जादा हिस्सा मिळणार नाही, विक्री झाली तर खर्च आधी वजा होईल. तो कागद वकिलाकडून तपासून घ्या. माझ्या पाहण्यात जे दोन-तीन वाडे वाचले ते अशा कागदामुळे. संवर्धन, वारसा वगैरे त्या घरात कुणी बोललंही नव्हतं.

मिळकत पत्रिकेवर किती नावं आहेत, घरात भाडेकरू आहे का, आणि नगरपरिषदेची नोटीस आधीच आलीय का, एवढं खाली लिहा. नोटीस आली असेल तर तिच्यावरची तारीखही लिहा, उत्तर द्यायला मुदत थोडी असते.