ओपनएआय नफ्याकडे वळली तर लोकांचं बिघडलं कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे : "चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय आधी ना-नफा संस्था होती, आता नफा कमावणारी कंपनी झाली. संशोधनाला पैसा लागतोच. मग लोक एवढे चिडलेत का? नफा कमावणं गुन्हा आहे का? आणि हा विश्वास परत बसेल का?"

गुन्हा अजिबात नाही. माझ्या मते चिडलेल्यांपैकी बहुतेकांचा राग नफ्यावर नाहीच. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि गेली 22 वर्षं पब्लिक ट्रस्टची ऑडिट करते, त्यामुळे मी हे सगळं ट्रस्टच्या नजरेने बघते. आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

तालुक्याच्या गावातलं एक वाचनालय माझ्याकडे ऑडिटला होतं. भर बाजारपेठेतली जागा, एका निवृत्त शिक्षिकेने बक्षीसपत्राने दिलेली. विश्वस्तांनी ठराव केला : जुनी इमारत पाडायची, बिल्डरला जागा द्यायची, तळमजल्यावर गाळे काढायचे आणि वाचनालय दुसऱ्या मजल्यावर न्यायचं. हिशेबाने बघितलं तर प्रस्ताव वाईट नव्हता. नवी पुस्तकं घ्यायला पैसे नव्हते, ग्रंथपालाचा पगार थकला होता. वार्षिक सभेला त्या बाईंची मुलगी आली होती. ती उठून एवढंच म्हणाली, "आईने जागा वाचनालयाला दिली होती, तुम्हाला नाही. सौदा तुम्ही करणार, किंमत तुम्हीच ठरवणार, आणि बिल्डर तुमच्यातल्याच एकाचा मेहुणा." धर्मादाय आयुक्तांकडे कलम 36 खाली परवानगीचा अर्ज जाणार होता, तो गेलाच नाही. गाळ्यांच्या भाड्याबद्दल त्या मुलीने एक शब्दही वाईट काढला नव्हता.

ओपनएआयवरचा राग मला याच जातीचा वाटतो.

डिसेंबर 2015 मध्ये ही संस्था जाहीर झाली, तेव्हा तिचं सांगणं स्वच्छ होतं : कमाईचं बंधन आमच्यावर नसेल, म्हणून आम्ही सगळ्या माणसांच्या भल्याचं संशोधन करू शकू. 1 अब्ज डॉलरची आश्वासनं जाहीर झाली. देणाऱ्यांच्या यादीत इलॉन मस्क, रीड हॉफमन, पीटर थील यांच्या बरोबरीने इन्फोसिसचंही नाव होतं, म्हणजे 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कंपनीचं. प्रत्यक्षात आलेल्या देणग्या फार कमी होत्या. ओपनएआयने 2024 मध्ये स्वतःच सांगितलं की मस्क यांच्याकडून साडेचार कोटी डॉलरपेक्षा कमी आले आणि इतरांकडून नऊ कोटींपेक्षा जास्त. देणगीदाराला शेअर मिळत नाही. त्याने दिलं की त्याचा हक्क संपला. मागे उरतो तो फक्त उद्देश, आणि त्या उद्देशाची राखण करणारे विश्वस्त.

पैशाशिवायही बरंच काही दिलं गेलं होतं, आणि ते ताळेबंदात दिसत नाही. संशोधक गूगलसारख्या ठिकाणची नोकरी सोडून इथे आले. पगार कमी नव्हते, सहसंस्थापक इल्या सुत्सकेव्हर यांना 2016 मध्ये 19 लाख डॉलरपेक्षा जास्त मिळाल्याचं संस्थेच्याच करविवरणपत्रात आहे. तरीही कामाचा हेतू बघून माणसं आली. लोकांनी या संस्थेच्या शब्दाला बाजारातल्या कंपनीपेक्षा जास्त वजन दिलं. 2018 मध्ये तिने आपली सनद जाहीर केली, तिच्यात एक कलम होतं ज्याचं मला आजही कौतुक वाटतं : सुरक्षिततेची काळजी घेणारा दुसरा कुणी माणसाला मागे टाकणारी एआय बनवण्याच्या ध्येयाजवळ आमच्या आधी पोहोचला, तर आम्ही स्पर्धा थांबवू आणि त्याला मदत करू. असं वाक्य कोणती कंपनी लिहिते?

मग 2019 चा मार्च आला. देणग्यांवर भागत नाही, अवाढव्य संगणक लागतात, हे खरंच होतं. ते नाकारणाऱ्यांशी मी सहमत नाही. संस्थेने आपल्या हाताखाली एक कंपनी काढली आणि तिच्या नफ्याला मर्यादा घातली. पहिल्या गुंतवणूकदारांना लावलेल्या पैशाच्या 100 पटीपर्यंत परतावा, त्यापुढचा प्रत्येक डॉलर ना-नफा संस्थेचा. गुंतवणूकदारांना कागदावर असाही इशारा होता की हा पैसा देणगीच्या भावनेनेच द्या, परत येईलच असं धरू नका. 100 पट ही काही छोटी मर्यादा नाही, पण रचनेमागचं तत्त्व मला मान्य होतं : गुंतवणूकदाराचा वाटा मोजून बांधलेला आणि उरलेलं सगळं लोकांचं. त्याच जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने 1 अब्ज डॉलर घातले.

पुढचे बदल एकेकटे बघितले तर लहान वाटतात. 2020 मध्ये जीपीटी-3 या भाषा-मॉडेलचा शोधनिबंध आला, त्यात प्रशिक्षणासाठी कोणता मजकूर वापरला, विकिपीडिया किती, बाकीचं इंटरनेट किती, हे निदान लिहिलेलं होतं. 2023 च्या मार्चमध्ये जीपीटी-4 आलं तेव्हा अहवालात ना आकार, ना रचना, ना मजकुराचा तपशील. कारणं दोन दिली, स्पर्धा आणि सुरक्षितता. त्यातल्या पहिल्या कारणावर मी बराच वेळ थांबले होते. विकिपीडियावर रात्र रात्र जागून लेख लिहिणारे मराठी लोकही आहेत आणि ते एक पैसा घेत नाहीत. त्यांच्या कामाचं काय झालं हे विचारायची सोय तिथे संपली.

आता नोव्हेंबर 2023. माझ्या लेखी सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

17 तारखेला संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन यांना काढलं. ते मंडळाशी सातत्याने मोकळेपणाने वागले नाहीत, असं कारण दिलं. हे मंडळ ना-नफा संस्थेचं होतं. मायक्रोसॉफ्टने अब्जावधी घातले होते तरी तिची एकही जागा त्यात नव्हती. म्हणजे कागदावर जे लिहिलं होतं ते पहिल्यांदाच वापरलं गेलं. मग काय झालं? सुमारे 770 कर्मचाऱ्यांपैकी 700 हून अधिक जणांनी ऑल्टमन यांना परत आणा नाहीतर आम्ही जातो, असं पत्र दिलं. मायक्रोसॉफ्टने त्यांना नोकऱ्या देऊ केल्या. कर्मचाऱ्यांचे शेअर 86 अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाने विकले जाण्याची बोलणी त्याच काळात चालू होती. पाच दिवसांत ऑल्टमन परतले आणि त्यांना काढणाऱ्यांपैकी बहुतेक मंडळाबाहेर गेले. मंडळाने कारणं नीट मांडली नाहीत, हा त्यांचा मोठा दोष होता. पण लोकांना त्या आठवड्यात जे दिसलं ते दिसलं. विश्वस्तांचा अधिकार कागदावर शाबूत होता आणि पैशासमोर तो आठवडाभरही टिकला नाही.

पब्लिक ट्रस्टच्या ऑडिटमध्ये आम्हाला दरवर्षी काही ठराविक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. त्यातला एक असा : ट्रस्टच्या गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का? इथे "नाही" लिहिताना माझा हात प्रत्येक वेळी जरा थांबतो, कारण सही माझी असते. ऑल्टमन यांनी 2023 मध्ये अमेरिकन सिनेटपुढे सांगितलं की ओपनएआयमध्ये माझा हिस्सा नाही. पण संस्थेच्या नावाने चालणारा स्टार्टअप फंड 2024 पर्यंत कायद्याने त्यांच्या मालकीचा होता, आणि हे आम्हाला सांगितलं नव्हतं असं माजी संचालक हेलन टोनर यांनी जाहीरपणे म्हटलं. चॅटजीपीटी बाजारात आल्याचंही मंडळाला ट्विटरवरून कळलं, हेही त्यांनीच सांगितलं. यात कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण माझ्या एखाद्या ट्रस्टमध्ये हे घडलं असतं तर मी अहवालात शेरा मारला असता. त्यातच मे 2024 मध्ये उघड झालं की नोकरी सोडणाऱ्यांना कंपनीविरुद्ध कधीही न बोलण्याच्या करारावर सही करावी लागत होती, नाहीतर कमावलेल्या हिश्श्यावर पाणी सोडावं लागण्याची धमकी होती. ऑल्टमन यांनी माफी मागितली आणि ती अट काढली. नावातच "ओपन" असलेल्या संस्थेच्या माणसांना बोलायची भीती असावी, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

डिसेंबर 2024 मध्ये प्रस्ताव आला की कंपनीचा ताबा ना-नफा संस्थेकडून काढायचा आणि संस्थेने शेअर घेऊन दानधर्म करत राहायचं. तिकडे अशा वेळी जनतेच्या वतीने बघायचं काम राज्याच्या ॲटर्नी जनरलचं असतं, जसं आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांचं. कॅलिफोर्निया आणि डेलावेअर या दोन राज्यांनी चौकशी केली, कॅलिफोर्नियातल्या सामाजिक संस्था एकत्र आल्या, माजी कर्मचाऱ्यांनी आणि कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, आणि मे 2025 मध्ये ओपनएआयला माघार घ्यावी लागली. ताबा संस्थेकडेच ठेवू, असं तिने जाहीर केलं. लोकांनी ओरडून काही होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडेही पुण्यातल्या एका जुन्या जैन वसतिगृहाच्या जागेची विक्री 2025 मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरल्यावरच रद्द झाली.

28 ऑक्टोबर 2025 ला नवी रचना पक्की झाली. ना-नफा संस्थेकडे सुमारे 26 टक्के, मायक्रोसॉफ्टकडे सुमारे 27 टक्के, उरलेले 47 टक्के कर्मचारी आणि इतर गुंतवणूकदारांकडे. संस्थेच्या हिश्श्याची किंमत तेव्हा सुमारे 130 अब्ज डॉलर धरली गेली, आणि त्यातून 25 अब्ज आरोग्यासाठी व एआयच्या धोक्यांपासून बचावासाठी खर्च करू असं तिने सांगितलं.

130 अब्ज म्हणजे डोळे दिपवणारा आकडा. पण 2019 चं कलम आठवा. तेव्हा मर्यादेपुढचं सगळं लोकांचं होतं. ती मर्यादा आता गेली आणि त्याऐवजी 26 टक्के आले, शिवाय 15 वर्षांनंतर शेअरची किंमत दसपटीहून वाढली तर आणखी काही शेअर मिळण्याचा हक्क. ही अदलाबदल रास्त असेलही. नसेलही. पण ती करताना टेबलाच्या दोन्ही बाजूंना जवळपास तीच माणसं होती. संस्थेचं मंडळ आणि कंपनीचं मंडळ यांतले बहुतेक सदस्य एकच आहेत. सुरक्षितता समितीचे प्रमुख झिको कोल्टर यांना कंपनीच्या मंडळाबाहेर ठेवलंय, ही चांगली गोष्ट आहे. पण वाचनालयाच्या त्या मुलीने विचारलेला प्रश्न इथे तसाच्या तसा लागू पडतो.

कुणी म्हणेल, मग यापेक्षा चांगलं करता तरी काय आलं असतं? त्याच कॅलिफोर्नियातलं उदाहरण आहे. ब्लू क्रॉस ही तिथली ना-नफा आरोग्यविमा संस्था. 1993 मध्ये तिने आपला बराचसा धंदा वेलपॉइंट नावाच्या नफ्याच्या कंपनीत नेला. सुरुवातीला लोकांना परत द्यायची तिची तयारी फारच थोडी होती. सरकारी नियामक आणि ग्राहक संघटना मागे लागल्या, आणि 1996 मध्ये सुमारे 3 अब्ज डॉलरची मालमत्ता दोन नव्या, कंपनीपासून वेगळ्या धर्मादाय संस्थांकडे गेली. त्या आजही कॅलिफोर्नियात आरोग्याचं काम करतात. "वेगळ्या" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. तिथे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं डोकं एक नव्हतं.

इलॉन मस्क यांनी ओपनएआयवर भरलेल्या खटल्याबद्दल बरेच जण विचारतात. तो मी जनतेचा आवाज मानत नाही. 2017 मध्ये नफ्याच्या कंपनीची चर्चा चालू होती तेव्हा त्यांना स्वतःला बहुमताचा ताबा हवा होता, हे बाहेर आलेल्या पत्रव्यवहारात आहे, आणि 2023 मध्ये त्यांनी स्वतःची एआय कंपनी काढली. देणगीदार म्हणून त्यांची तक्रार असू शकते. सामान्य माणसाची तक्रार वेगळी आहे आणि ती मांडायला त्याच्याकडे वकील नाही.

आपला संबंध काय, असंही तुमच्या मनात असेल. नोव्हेंबर 2025 पासून ओपनएआयने भारतात चॅटजीपीटी गो ही सेवा वर्षभर फुकट दिली. माझ्या ऑफिसातली आर्टिकलशिपची मुलं ती रोज वापरतात, मीही वापरते, आणि ती उपयोगी आहे हे सांगायला मला संकोच नाही. फक्त अशिलाचा कोणताही कागद तिच्यात टाकायचा नाही असा नियम मी केलाय. माहिती जपण्याचं वचन आज ते पाळतील, पण वचन बदलायचा अधिकार कुणाकडे आहे हे मी दहा वर्षं बघितलंय.

शेवटचा प्रश्न, विश्वास परत बसेल का. 25 अब्ज खर्च झाल्याने माझा तरी बसणार नाही, खर्च करणं सोपं असतं. संस्थेच्या सुरक्षितता समितीला एखादं मॉडेल बाजारात येण्यापासून रोखण्याचा अधिकार दिलेला आहे. कमाईचा हंगाम असताना, स्पर्धक पुढे जात असताना, तिने तो एकदा वापरावा आणि त्यानंतरही ती माणसं आपल्या जागी राहावीत. तसं घडलं तर मी हे उत्तर बदलेन.