जानेवारीत कॅलगरीला जाताय? घर ट्रेनजवळ बघा

नोकरी कॅनडातल्या कॅलगरी शहरात, ऑफिस डाउनटाउनमध्ये, जानेवारीत पुण्याहून निघायचं. थंडी झेपेल का, घर कुठे घ्यावं आणि आईबाबांना कधी बोलवावं, असं तुम्ही विचारलंय.

थंडी झेपते. उणे ३० होतं, पण मधेमधे चिनूक वारा येऊन सुटका करतो. पॅसिफिककडून आलेला हा वारा रॉकीज डोंगररांगांच्या पलीकडेच पाणी सांडतो आणि आपल्या बाजूला उतरताना कोरडा, उबदार होत जातो. पश्चिमेला ढगांची लांबलचक कमान उठते, खाली निळ्या आभाळाची पट्टी दिसते आणि काही तासांत पारा १५-२० अंशांनीही चढतो. छपरांच्या पागोळ्या गळायला लागतात, लोक जॅकेट उघडं टाकून फिरतात. काहींचं डोकं मात्र या वाऱ्याने भयंकर दुखतं. मला जास्त काळजी वाटते ती त्यानंतरच्या रात्रीची. वितळलेलं पाणी फुटपाथवर पुन्हा गोठतं आणि तो बर्फ दिसतही नाही. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच आठवड्यात घ्या. हवा फार कोरडी आहे, मुलांच्या नाकातून रक्त आलं तर घाबरू नका.

घराचं म्हणाल तर सी-ट्रेनच्या, म्हणजे शहरातल्या लोकल ट्रेनच्या, स्टेशनपासून चालत जाता येईल असंच बघा. सुरुवातीला गाडी नसेल, आणि उणे २५ मध्ये बससाठी उभं राहणं नको वाटतं. डाउनटाउनमध्ये सेव्हन्थ अव्हेन्यूवर ट्रेनला तिकीट लागत नाही. तिथल्या बऱ्याच इमारती रस्त्यापासून १५ फूट उंचीवरच्या बंदिस्त पुलांनी जोडल्यात, त्याला प्लस फिफ्टीन म्हणतात. जेवायच्या सुट्टीत बाहेर पडावंच लागत नाही. ईशान्येला सॅडलटाउनच्या बाजूला पंजाबी वस्ती मोठी, त्यामुळे कढीपत्ता, कणीक, डाळी सगळं हाताशी. पण गारपीटही तिकडे झोडपते. जून २०२० मध्ये घरांच्या भिंतींचं आवरण फाटलं होतं, म्हणून विम्याचे कागद नीट वाचा. पत्त्याच्या शेवटी एनई, एनडब्ल्यू, एसई की एसडब्ल्यू (शहराचा ईशान्य, वायव्य, आग्नेय की नैऋत्य भाग) हे दरवेळी तपासा, कारण तोच रस्ता आणि तोच नंबर शहराच्या दुसऱ्या टोकालाही असू शकतो.

आईबाबांना सप्टेंबरमध्ये बोलवा, हे मी अगदी आग्रहाने सांगते. जुलैत स्टॅम्पीडचे, म्हणजे काउबॉय खेळांच्या मोठ्या जत्रेचे, दहा दिवस शहर गजबजलेलं असतं, हॉटेलं महाग होतात आणि रॉकीजमधल्या बॅन्फ नॅशनल पार्कला पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात लार्चची सूचिपर्णी झाडं सोनेरी होतात, आणि बॅन्फ गाडीने जेमतेम दीड तासावर. तिथल्या मोरेन लेक या तलावाला स्वतःची गाडी नेता येत नाही, पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेची बस आधी बुक करावी लागते. जागा लवकर संपतात, त्यामुळे बसची तारीख आधी पक्की करा. आईबाबांचा प्रवासी आरोग्यविमाही निघण्याआधीच काढा, इथे पाहुण्यांना डॉक्टरचं बिल न परवडणारं असतं.