वाचकांचे प्रश्न : बंद पडणारा लॅपटॉप

प्रश्न : माझा पाच वर्षांचा लॅपटॉप दुपारी काम करताना अचानक बंद पडतो, कधीकधी निळी स्क्रीनही येते. दुरुस्ती करणारे मदरबोर्ड बदलण्यास सांगतात. काय करावे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : एवढा खर्च करण्याची घाई कृपया करू नका. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असेल तर प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचून स्वतःच्या बचावासाठी यंत्र बंद करतो. म्हणून आधी पंखा साफ करून प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर वाहून नेणारा लेप) बदलून घ्यावी. पहाटेच्या गारव्यात यंत्र तासन्‌तास नीट चालत असेल, तर उष्णतेचा संशय बळावतो.

निळी स्क्रीन मात्र बहुधा रॅम, डिस्क किंवा ड्रायव्हरकडे (यंत्राचे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) बोट दाखवते. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवा. त्यात एकही चूक दिसली, तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासा, कारण कित्येकदा दोष पट्टीत नसून तिच्या खाचेत असतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तीही पाहावी. तत्पूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अवश्य काढून ठेवा. चार्जर काढताच यंत्र बंद पडत असेल, तर दोष बॅटरीत शोधावा.